लहरीला कळू न देता

सर,

तुमच्या मागे झालेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बेंबळीला तुमच्या अंगणात जे जे बोलले, ते सगळे चांगलंच बोलले. तुमची नोकरी, तुमचे विद्यार्थी, विहाराच्या बांधकामासाठी तुम्ही केलेली खटपट, काहीच सुटलं नाही. नंतर माझं नाव पुकारलं गेलं, तेव्हा मी बसल्या जागी हात जोडले आणि मान हलवून नकार दिला. लोकांना वाटलं असेल, वाघमोडे सरांना दुःख अनावर झालं. खरं कारण वेगळं होतं. ओव्हाळ सर नावाचा जो माणूस मला ठाऊक आहे, त्याची गोष्ट एका भाजलेल्या पापडापासून सुरू होते आणि मधूनमधून भांडणात शिरते. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या शांत मंडळींसमोर ती सांगण्याजोगी नव्हती. तुम्हाला मात्र सांगता येईल.

पुण्याहून तुमच्या लेकीने पाठवलेला मायक्रोवेव्ह ओव्हन घरात आला आणि थोड्याच दिवसांत त्याची काचेची फिरती थाळी शांतावहिनींच्या हातून फुटली. वहिनींनी थाळीवाचूनच उडदाचा पापड आत ठेवला. तो बाहेर आला ठिपक्याठिपक्यांचा. इथे फुलून पांढरा, मध्ये कच्चा, पुढे पुन्हा फुललेला. वहिनी म्हणाल्या, यंत्र बिघडलं. तुम्ही तो पापड वर्तमानपत्रात गुंडाळलात, मांडीवर धरून एसटीने धाराशिवला आणलात आणि स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर अलगद ठेवलात.

“वाघमोडे, ह्याला हात लावू नका. हा नकाशा हाय.”

इंग्रजीच्या सरांनी तोवर एक कोपरा मोडून तोंडात टाकला होता. नकाशा बरा आहे, पण मीठ कमी पडलं आहे, असा अभिप्राय त्यांनी दिला. तुम्ही उरलेल्या पापडावर फूटपट्टी ठेवलीत. ओव्हनच्या आत लहरी भिंतींवर आपटून परत येतात, एकमेकींत मिसळतात, आणि काही जागी त्यांचा जोर कायमचा जास्त, काही जागी कायमचा कमी राहतो. थाळी फिरती असली की पदार्थ सगळीकडून भाजतो. ती नसली की पापड आपल्याला त्या जागा दाखवून देतो. हे मीही वर्गात शिकवत होतो. पण घरात कच्चा राहिलेला पापड पाहून त्याचा राग न येता आनंद होणं, हे मला शिकवता आलं नसतं. ते मी तुमच्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून प्रयोगशाळेतले आपले रविवार ठरले. पापड एकदाच फुलतो; लहरीचा नकाशा काढायला आपल्याला पुन्हा पुन्हा तापेल आणि पुन्हा निवेल असं काहीतरी हवं होतं. तुम्ही पतंगाचा कागद आणलात, डिंकाच्या पाण्यात शिसपेन्सिलीची भुकटी कालवलीत आणि तो रापलेल्या रंगाचा केलात. वीज उपकेंद्रावर तुमचा एक जुना विद्यार्थी होता. तारांचे कोणते जोड तापले आहेत ते दुरून पाहण्यासाठी त्याच्याकडे अवरक्त किरणांचा कॅमेरा होता. रविवारी तो कॅमेरा घेऊन स्वतःच यायचा, आणि आपण काय करतो आहोत हे न विचारता चहा घेऊन बाहेरच्या पायरीवर बसायचा.

त्याला एकदा तुम्ही सगळं समजावून सांगितलंत, तेव्हा मीही ते नव्याने ऐकलं. मायक्रोवेव्ह डोळ्यांना दिसत नाही. तिच्या वाटेत असा काळसर कागद धरला की जिथे तिचा जोर जास्त, तिथे कागद किंचित अधिक तापतो. ती ऊब बोटाला कळणार नाही इतकी थोडी असते, पण कॅमेऱ्याला कळते, आणि पडद्यावर रंगांत उमटते. “आपुन लहर बघतच न्हाय,” तुम्ही त्याला म्हणालात. “ती यिऊन गेल्याची कागदाला लागलेली ऊब बघतोय.” त्याने मान डोलावली आणि विचारलं, मग स्टीलच्या तांब्यात गरम पाणी असूनही कॅमेऱ्यात तो थंड का दिसतो. तुम्हाला हा प्रश्न फार आवडला. चकचकीत वस्तू आपली ऊब दाखवत नाही, समोरच्याची परत फेकते, असं सांगून तुम्ही जिल्ह्यातल्या एका पुढाऱ्याचं नाव घेतलंत. तो पायरीवर बसून बराच वेळ एकटाच हसत होता.

लहर ज्यातून बाहेर पडते त्या पितळी कर्ण्याला तुम्ही ‘शिंग’ म्हणायचात. ते धरून ठेवायचं काम नेहमी माझ्याकडे. जळकोटच्या धनगराच्या घरातला माणूस असताना शिंग दुसऱ्याच्या हाती कशाला द्यायचं, असं तुम्ही म्हणायचात. मी उलट म्हणायचो, मेंढरांना शिंगं धरून नेत नाहीत, सर, हे बेंबळीच्या शेतकऱ्याला कसं कळणार. विद्यार्थ्यांसमोर एकमेकांना ‘सर’ म्हणणाऱ्या दोन माणसांत एवढी मोकळीक असू शकते, हे माझ्यासारख्या आत आत बोलणाऱ्या माणसाला कधी सुचलं नसतं. ती मोकळीक तुम्ही दिलीत. मी घेतली, आणि घेतली आहे हे कधी सांगितलं नाही.

आता त्या पट्ट्यांविषयी.

आपली पहिली चित्रं फार फिकी यायची. मला ते सहन होईना. तुमच्या माघारी मी कागदाला आणखी दोन हात दिले, तो चांगला काळा झाला, आणि पडद्यावर असं चित्र उमटलं की मी कॅमेरेवाल्याला पेढे आणायला पाठवलं. स्पष्ट, सुंदर, एकाखाली एक पट्टे. तुम्ही आलात, पाहिलंत, पेढा घेतलात. मग चित्राकडे पाहत पाहत एका बोटाने कागदाची खालची कड जराशी पुढे सरकवलीत. पट्टे हलले. कड मागे घेतलीत. पट्टे मागे आले. जाड काळा कागद लहरीला पुढे जाऊच देत नव्हता. तो तिला परत शिंगाकडे फेकत होता, येणारी आणि जाणारी लहर एकमेकींत गुंतत होत्या, आणि कागद थोडा कलता लागल्यामुळे त्या गुंत्याचे पट्टे दिसत होते. त्या लहरीत मुळात पट्टे नव्हतेच. आपण ज्याचे पेढे वाटले होते ते आपलंच उमटलेलं होतं.

तुम्ही मला एक शब्दही लागेलसा बोलला नाहीत. उरलेला पेढा संपवलात आणि मग म्हणालात, “कागद कसा पायजे सांगू का? त्याला लहर कळली पायजे, पर लहरीला कागद कळता कामा न्हाय.”

तेव्हापासून ‘जाड कागद’ हा आपल्या दोघांचा शब्द झाला. तोंडी परीक्षेत एखाद्या घाबरलेल्या मुलीला मी प्रश्नावर प्रश्न विचारू लागलो की तुम्ही शेजारून खोकल्यासारखं करून पुटपुटायचात, कागद जाड झाला. माझ्या मुलाने अभियांत्रिकी अर्ध्यात सोडली त्या वर्षी मी त्याला रोज जेवताना विचारत असे, पुढे काय ठरवलंस. तो माझ्यासमोर जेवायला बसेनासा झाला. तुम्ही घरी येऊन त्याच्याशी शेळ्यांच्या जातींवर तासभर गप्पा मारल्यात, पुढचा विषय काढलाच नाहीत, आणि निघताना त्यानेच तुम्हाला काय ते सांगितलं. मला फाटकापाशी तुम्ही एवढंच म्हणालात की जरा पातळ करा. तो आज माझ्याशी बोलतो, सर. त्याच्या बोलण्यात तुमचा वाटा किती, हे त्यालाही ठाऊक नाही.

पण मी सगळंच मान्य केलं असं समजू नका. विज्ञान शिक्षकांच्या परिषदेत आपण पातळ कागदावरचं ते फिकं चित्र दाखवलं, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी प्रोजेक्टरचा दिवा गेला आहे का, असं विचारलं, आणि सभागृह हसलं. परतीच्या एसटीत मी तुम्हाला म्हणालो की जे कुणाला दिसतच नाही ते खरं असून उपयोग काय. कागद थोडा गडद चालला असता. किती बिघाड झाला ते मोजून वजा करता आलं असतं. तुम्ही म्हणालात, वजा करायला आधी तो बिघाड पुरा कळावा लागतो. मी म्हणालो, काहीच न कळण्यापेक्षा थोडं चुकीचं कळलेलं बरं. तुळजापूर येईपर्यंत आपण भांडलो. पुढे तुम्हाला झोप लागली आणि तुमचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. भांडण तिथेच राहिलं.

मग ती गाठ निघाली. यकृतात.

सोलापूरच्या तरुण डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं: त्वचेतून एक बारीक सुई गाठीपर्यंत न्यायची, तिच्या टोकातून मायक्रोवेव्ह सोडायची, आणि गाठ आतल्या आत तापवून जाळायची. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही डॉक्टरांना लहरीची वारंवारता विचारत होता. ओव्हनचीच निघाली. तुम्हाला एवढं हसू आलं की डॉक्टर गोंधळले.

“आता मीच पापड,” तुम्ही म्हणालात.

त्या वेळी तुम्ही तयार नव्हता. भीती तुम्हाला सुईची नव्हती. आतली ऊब नेमकी कुठवर पसरते हे डॉक्टरांना पुरतं दिसत नाही, शेजारून वाहणारं रक्त ती ओढून नेतं, कडेला थोडं राहून जातं, हे तुम्ही त्यांच्याच तोंडून काढून घेतलं होतं. मी तुमच्या मागे लागलो. घरी, फोनवर, वहिनींच्या मार्फत, तुमच्या लेकीच्या मार्फत. तुम्ही अखेर माझ्या कटकटीला कंटाळून उपचाराला गेलात, असं तुम्ही सर्वांना सांगत होता. मला ते खरंच वाटत होतं.

आणि ते साधलं. त्या सुईने आपल्याला एक वर्ष आणि वर काही महिने दिले. त्या काळाबद्दल मी कुणाचे आभार मानू हे मला कळत नाही, म्हणून तुमचेच मानतो. तुम्ही तयार झालात म्हणून. त्या वर्षात आपण शिंगाच्या तोंडापासून दूर जाताना लहर कशी उमलत जाते ते कागद बोटाबोटाने सरकवत नोंदलं. कॅमेऱ्यात आधी काहीच दिसत नसे, मग डोळा सरावल्यावर मधोमध एक मऊ उजेड आणि बाजूंना त्याच्या सावल्या दिसू लागत. तुम्ही मुलांना ते दाखवताना पाली भाषेतलं ‘एहि पस्सिको’ म्हणायचात, या आणि बघा. धम्म शिकवताना विहारात म्हणत असाल, त्याच आवाजात. मुलं रांगेने यायची, वाकून बघायची. फिकं चित्र पाहायला माणसाला थांबावं लागतं, हे मला त्या रांगेत कळलं. एसटीतल्या माझ्या मुद्द्याला ते उत्तर होतं. पण तुम्ही ते उत्तर म्हणून कधी वापरलं नाहीत.

दुसऱ्यांदा गाठी एकाहून अधिक होत्या. डॉक्टर म्हणाले, पुन्हा करता येईल, पण पहिल्यासारखी खात्री देता येत नाही. तुम्ही त्यांचे आभार मानलेत आणि घरी आलात. मी रविवारी बेंबळीला पोचलो तेव्हा तुम्ही अंगणात बाजेवर बसून तूर निवडत होता.

मी बरंच बोललो. शक्यता आहे ना, असं कितीदा म्हणालो ते आठवत नाही. शक्यता थोडी आहे म्हणून ती सोडणारा माणूस फिकं चित्र दाखवायला परिषदेत कशाला गेला, असंही म्हणालो. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, पहिल्या वेळेस ती लहर काय करते ते मला बघायचं होतं, म्हणून मी गेलो. आता मला घरी राहायचं आहे. रुग्णालयाच्या खाटेवर दिवस मोजत पडण्यापेक्षा ही तूर निवडलेली बरी. मी म्हणालो, तुम्ही चुकत आहात.

“असंल,” तुम्ही म्हणालात. “पर तुमचा कागद लई जाड झालाय, वाघमोडे.”

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी ते वाक्य मला लागलं. मी उठलो, वहिनींनी केलेला चहा न घेता निघालो, आणि मोटारसायकलवर धाराशिवपर्यंत मनातल्या मनात तुम्हाला उत्तरं देत राहिलो. पुढच्या रविवारी ती तुमच्यासमोर ठेवायची असं ठरवलं होतं. पुढचा रविवार यायच्या आत तुम्ही गेलात.

सर, या दिवसांत मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं आहे की त्या अंगणात मी नक्की कुणासाठी बोलत होतो. तुम्हाला काय हवं आहे हे मी विचारलं नाही. तुम्हीच सांगितलंत, आणि मी ते ऐकून पुढच्या मुद्द्याकडे गेलो. मला तुम्ही हवे होता. माझ्या या हवेपणाला मी तुमच्या भल्याचं नाव दिलं होतं. आजारी माणसाला शेवटच्या दिवसांत जी शांतता हवी असते तिच्यात मी माझे पट्टे उमटवले, आणि वर त्यांना स्पष्ट चित्र समजत होतो. हे मनात इतकं घट्ट बसलं होतं की पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी वहिनींसमोर जायचं टाळत होतो.

त्यांनीच मला गाठलं. मंडप उठत होता, मुलं सतरंज्या गोळा करत होती. वहिनी म्हणाल्या, भाऊ, तुमचा चहा राहिला होता त्या दिवशी, तो घेऊन जा. मी ओट्यावर बसलो. मला वाटलं, आता त्या मला काहीतरी ऐकवतील, आणि ते ऐकून घ्यायला मी तयार होतो. मीच आधी म्हणालो की मी त्या दिवशी फार बोललो, वहिनी, मी तसं बोलायला नको होतं.

वहिनींनी कपबशी माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या की आजार कळल्यापासून घरात जो येईल तो सरांच्या हो ला हो करायचा. सर म्हणतील ते बरोबर. मुलगी, जावई, विहारातले लोक, डॉक्टरसुद्धा. त्याचा सरांना फार वीट आला होता.

“तुमी भांडून गेलात तवा त्या रात्री दोन घास जादा जेवले. मला म्हणले, वाघमोडे म्हणतेत मी चुकलोय. म्हंजे मी अजून चुकायजोगा हाय, शांता. बाकीच्यांनी तर मला आत्ताच फोटोत बसवलंय.”

कपबशी हातात धरून मी रडू लागलो. वहिनींनी ती घेऊन खाली ठेवली आणि सतरंज्या मोजायला निघून गेल्या. रडणाऱ्या माणसाकडे न पाहता त्याला तिथेच बसू देणं हे त्या घरात सगळ्यांनाच येतं.

त्या वाक्याने मला माफी मिळाली असं मी समजत नाही. दोन्ही खरं असावं. मी तुमच्यावर माझं ओझं टाकलं हेही, आणि त्या ओझ्याने तुम्हाला क्षणभर जिवंत माणसाच्या वजनाचं वाटलं हेही. तुम्ही असता तर या दोन्हींतून नेमकं किती वजा करायचं यावर आपला एखादा रविवार गेला असता. मी एवढंच म्हणतो की तुमच्यासारखा माणूस मला आयुष्यात मिळाला. त्याने मला माझी चूक पेढा खात खात दाखवली, माझ्या मुलाला माझ्याकडे परत वळवलं, आणि जाताना माझ्या हट्टातलंही काही कामाचं शोधून वहिनींपाशी सोडून गेला. याबद्दल मी जे म्हणायला हवं होतं ते तुमच्या तोंडावर कधी म्हणालो नाही. आभारी आहे, सर.

आणि त्या रविवारची माझी बाजू अजून माझ्याकडेच पडून आहे. आता सगळे तुमच्याविषयी हळू आवाजात बोलतात, तुमचं शेवटचं म्हणणं किती समंजस होतं असं सांगतात, आणि ऐकणारे माना डोलावतात. तुम्हाला या गोष्टीचा वीट आहे हे मला आता ठाऊक आहे. म्हणून त्यांच्यात मी मान डोलावणार नाही. तुम्ही दुसऱ्यांदा सोलापूरला जायला हवं होतं. घरी राहणं ही एक गोष्ट आणि शक्यता सोडणं ही दुसरी. तुम्ही दोन्हींची एकच मोळी बांधलीत, आणि मोळी बांधून विचार करण्याबद्दल तुम्ही मला किती वर्षं बोलत होता. तूर परत आल्यावरही निवडता आली असती. यावर तुमचं म्हणणं काय असेल ते मला माहीत आहे. ते मला पटलेलं नाही.